गांधीलमाशीचा परोपकार

काही वर्षांपूर्वी कीटकांच्या समाजजीवनावरचा एक इंग्रजी लेख मी मराठीत आणत होते. त्यातलं एक वाक्य अगदी साधं होतं. कामकरी गांधीलमाशी स्वतः अंडी न घालता राणीची पिल्लं वाढवते, आणि तिचं हे वर्तन 'अल्ट्रुइस्टिक' असतं, एवढंच त्यात म्हटलं होतं. कोश उघडण्याचीही गरज वाटली नाही. 'परोपकारी' असं लिहून मी पुढे गेले. दुसऱ्या दिवशी खर्डा वाचताना मात्र हसू आलं. डंख मारणारी गांधीलमाशी आणि परोपकार! शाळेच्या फळ्यावरचा सुविचार तिच्या पंखांना चिकटवल्यासारखं वाटलं. मग 'निःस्वार्थी' करून पाहिलं. ते तर साफ चूक होतं, कारण जनुकांच्या हिशेबात या वर्तनाचा माशीला फायदाच होतो, हाच त्या लेखाचा रोख होता. 'त्यागी' लिहावं तर माशीला भगवी वस्त्रं नेसवल्यासारखं होणार. 'परार्थी' लिहावं तर वाचक ठेचकाळणार.

तेव्हा मला ही शब्दकोशाची अडचण वाटली. योग्य प्रतिशब्द सापडला की सुटेल, अशी. पुढे अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि मानवशास्त्र यांतले मजकूर भाषांतरासाठी येत गेले, आणि तोच शब्द प्रत्येक विषयात वेगळं काम करताना दिसला. जीवशास्त्र त्याने एक गोष्ट मोजतं, अर्थशास्त्र दुसरी, मानसशास्त्र तिसरी. मोजता यावं म्हणून प्रत्येक विद्याशाखा या शब्दातून काहीतरी आधी काढून ठेवते, आणि त्यात गैर काही नाही. गैर घडतं ते निष्कर्ष परत घरच्या भाषेत येताना. काढून ठेवलेला भाग वाटेत गुपचूप परत जोडला जातो, आणि 'माणूस मुळात स्वार्थीच, हे आता शास्त्रानेच सिद्ध केलंय' असं कुणीतरी चहाच्या टेबलावर छातीठोकपणे सांगतो. ही जोडणी बहुतेक वेळा एखाद्या विशेषणात होते. विशेषण निवडणं हे भाषांतरकाराचं काम असल्यामुळे या व्यवहारात आमचाही हात असतो.

*

ज्या इंग्रजी शब्दाशी मी अडले, तो इंग्रजीतही बाहेरूनच आलेला. फ्रेंच विचारवंत ऑगस्त कोंत याने तो १८५०च्या आसपास घडवला. 'दुसरा' या अर्थाचा लॅटिन शब्द आणि त्याचं इटालियन रूप त्याच्या मुळाशी आहे. कोंतच्या विचारांचा इंग्रजी वाचकांना परिचय करून देताना जॉर्ज हेन्री लुइस यांनी तो इंग्रजीत आणला. हे लुइस म्हणजे कादंबरीकार जॉर्ज एलियट यांचे पुढच्या काळातले जोडीदार. एलियट स्वतः जर्मनमधून भाषांतरं करत करत कादंबरीकडे वळल्या होत्या. म्हणजे भाषांतरकारांच्याच वर्तुळातून हा शब्द इंग्रजीत रुळला.

कोंतला समाजाचं शास्त्र उभारायचं होतं आणि त्याच वेळी मानवतेचा धर्मही. त्यामुळे त्याच्या शब्दावर जन्मतःच दोन कामं पडली. माणसं कशी वागतात हे सांगणं हे एक, आणि कसं वागावं हे सांगणं हे दुसरं. पुढच्या पावणेदोनशे वर्षांतले बरेच वाद या दोन कामांच्या सरमिसळीतून झाले आहेत.

मराठीतले शब्द वेगळ्याच घरात वाढले. 'परोपकार' घ्या. त्यात 'उपकार' आहे, आणि उपकार म्हटलं की फेड आली. 'कुणाचे उपकार नकोत' असं आपण म्हणतो, 'उपकाराचं ओझं' म्हणतो. म्हणजे करणाऱ्याच्या चांगुलपणाबरोबर घेणाऱ्याचा भारही त्या शब्दात आहे. 'आप्पलपोटा' म्हटलं की पंगतीत फक्त स्वतःच्या ताटाकडे बघणारा माणूस दिसतो. 'मतलबी' माणूस हेतू लपवतो, आप्पलपोट्याला तेवढंही भान नसतं. आणि 'स्वार्थ', 'परार्थ', 'परमार्थ' या तीन शब्दांत 'अर्थ' म्हणजे प्रयोजन समान आहे. कुणाच्या प्रयोजनासाठी, एवढाच फरक. या तिन्हींत परिणामाचा उल्लेख नाही. मराठीत स्वार्थ हा हेतूवाचक शब्द आहे.

या हेतू-परिणामाच्या प्रश्नावर मराठीत शंभर वर्षांपूर्वीच नेटकी चर्चा झालेली आहे. टिळकांनी १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'आधिभौतिक सुखवाद' नावाचं प्रकरण आहे. निव्वळ स्वार्थापासून सुरुवात करून हॉब्ज आणि हेल्व्हेशियस यांचा दूरदर्शी स्वार्थ, मग स्वार्थ आणि परार्थ दोन्हींना मान देणारा पंथ, मग पुष्कळांचं पुष्कळ सुख, अशा पायऱ्या टिळक चढत जातात. भर्तृहरीने केलेली माणसांची प्रतवारी ते मध्येच आठवून देतात. स्वार्थ सोडून दुसऱ्याचं भलं करणारे, स्वार्थ सांभाळून भलं करणारे, स्वार्थासाठी दुसऱ्याच्या हितावर घाला घालणारे, आणि काहीही कारण नसताना तसं करणारे. या शेवटच्यांना काय म्हणावं ते भर्तृहरीलाही सुचत नाही.

त्याच प्रकरणात अमेरिकेतल्या एका शहराच्या ट्रामगाडीचा दाखला आहे. ट्राम सगळ्यांच्याच सोयीची होती, पण परवानगी मिळेना. कारभाऱ्याने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, आणि पुढे लाचेचं प्रकरण बाहेर येऊन खटला उभा राहिला. परिणाम पाहिला तर पुष्कळांचं सुख झालंच होतं. तरी ते कृत्य नीतीचं ठरत नाही, कारण बाहेरचा परिणाम मोजून भागत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असा टिळकांचा मुद्दा. त्यांच्या निष्कर्षाशी सहमत व्हा अगर होऊ नका. 'परिणाम की बुद्धी' हा त्यांचा प्रश्न हाताशी ठेवला, तर आजच्या विद्याशाखांच्या भांडणात वाट सापडायला मदत होते.

*

जीवशास्त्र फक्त परिणाम विचारतं. एखाद्या जिवाच्या वागण्यामुळे दुसऱ्याची वंशवृद्धी वाढली आणि स्वतःची घटली, तर ते वागणं 'अल्ट्रुइस्टिक'. माशीला काय वाटतं, हा प्रश्नच तिथे नाही. वनस्पतीच्या बाबतीतही ही व्याख्या लागू करता येते, इतकी ती हेतूपासून दूर आहे.

डार्विनच्या सिद्धांतापुढे मात्र इथे कोडं उभं राहतं. स्वतःची संतती कमी करणारा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा? त्याचं उत्तर भुवनेश्वरला शेवटची वर्षं घालवलेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांनी म्हणे थट्टेत दिलं होतं, की एका भावासाठी मी जीव देणार नाही, पण दोन भावांसाठी किंवा आठ चुलत-मावस भावंडांसाठी देईन. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारले. त्याच १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज संशोधकाने ही थट्टेतली कल्पना गणितात बसवणारा दोन भागांचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचं सूत्र घरगुती भाषेत सांगता येतं. दुसऱ्याला होणाऱ्या लाभाला नात्याच्या प्रमाणाने गुणा. येणारं उत्तर आपण सोसलेल्या झिजेपेक्षा मोठं असेल, तर तो स्वभाव टिकतो.

सूत्र सुटसुटीत आहे, पण खरी गांधीलमाशी सूत्राइतकी सुटसुटीत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी दक्षिण भारतात सर्रास आढळणाऱ्या 'रोपॅलिडिया मार्जिनाटा' या गांधीलमाशीचा कित्येक वर्षं अभ्यास केला. या जातीत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच असतात, आणि कामकरी माशी पुढे राणी होऊ शकते. म्हणजे ती जन्मभराची दासी नसते. राणीचा संयोग एकाहून अधिक नरांशी होतो आणि पोळ्यात राण्या बदलत राहतात, त्यामुळे कामकरी जिची पिल्लं वाढवते तिच्याशी तिचं नातं बरंच विरळ असू शकतं. नुसत्या नात्याने कोडं सुटत नाही. मग आणखी एक बाजू पुढे येते. एकटीने घर मांडणारी माशी मध्येच मेली, तर तिची सगळी पिल्लं मरतात, केलेलं काम फुकट जातं. गोतावळ्यात राहणारी मध्येच मेली तरी तिचं अर्धवट राहिलेलं काम बाकीच्या पुढे नेतात. अर्धवट काम वाया न जाणं, हाच एकत्र राहण्याचा मोठा लाभ. हे वाचताना मला एकत्र कुटुंब आठवतं, आणि तिथेच सावध व्हावं लागतं. कुटुंब मी तिथे आणलं, माशीने नाही.

रिचर्ड डॉकिन्स यांच्या १९७६च्या 'द सेल्फिश जीन'मध्ये हे सावधपण सुरुवातीलाच सांगितलेलं आहे. आपली व्याख्या वर्तनाबद्दल आहे, हेतूच्या मानसशास्त्राशी तिचा संबंध नाही, असं डॉकिन्स बजावतात. जनुकाला मन नसतं, त्यामुळे त्याला 'सेल्फिश' म्हणणं हे रूपक आहे, हेही ते मानतात. पण शीर्षक तेच राहिलं. प्रकाशक टॉम मॅशलर यांनी तेव्हा 'अमर जनुक' असं शीर्षक सुचवलं होतं, आणि ते ऐकायला हवं होतं, अशी कबुली डॉकिन्स यांनी तीस वर्षांनी दिली. त्याहून बोलकी त्यांची दुसरी कबुली आहे. आपण जन्मतः स्वार्थी असतो म्हणून मुलांना औदार्य शिकवू या, अशा आशयाचं एक वाक्य पहिल्या आवृत्तीत होतं. ते दिशाभूल करणारं आहे, वाचकांनी ते मनातल्या मनात खोडून टाकावं, असं त्यांनी नंतर लिहिलं. जनुकाला लावलेलं विशेषण खुद्द लेखकाच्याच हातून माणसाला चिकटलं. तत्त्वज्ञ मेरी मिजली यांनी १९७९ मध्ये याच घसरणीवर कडक टीका केली होती. त्यांचा सूर अनेकांना अन्यायकारक वाटला, डॉकिन्स यांनी १९८१ मध्ये सविस्तर उत्तरही दिलं. शास्त्राच्या बाजूने डॉकिन्स यांचं म्हणणं बरोबर होतं असं मानलं, तरी भाषेच्या बाजूने मिजली यांना दिसलेला धोका खोटा नव्हता.

*

अर्थशास्त्रात परिणामाच्या जागी निवड येते. दोन गोष्टींतून तुम्ही एक निवडली, याचा अर्थ तीच तुम्हाला हवी होती, आणि हवी ती निवडणं हेच तुमचं हित. एजवर्थ यांनी १८८१ मध्ये प्रत्येक माणूस केवळ स्वहिताने चालतो हे अर्थशास्त्राचं पहिलं तत्त्व मानलं. गणित सोपं व्हावं म्हणून केलेली ही सोय होती. या सोयीसाठी ज्या ॲडम स्मिथचा आधार घेतला जातो, त्याने १७७६ मध्ये खाटीक आणि पाववाला आपल्या जेवणाची सोय स्वतःच्या हितासाठी करतात असं दाखवलं हे खरं. पण त्याआधी १७५९ मध्ये, नैतिक भावनांवरच्या ग्रंथाच्या आरंभीच, माणूस कितीही स्वार्थी मानला तरी दुसऱ्याच्या सुखदुःखात त्याला रस असतो, असंही त्यानेच मांडलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांना हे दोन स्मिथ एकत्र बसवणं इतकं कठीण गेलं, की त्याला 'ॲडम स्मिथची समस्या' असं नावच पडलं.

अमर्त्य सेन यांनी १९७७च्या 'रॅशनल फूल्स' या निबंधात या सोयीचं पितळ उघडं पाडलं. त्यातली दोन मुलांची आणि दोन सफरचंदांची गोष्ट भाषांतर करताना मला फार आवडली होती. एक सफरचंद मोठं, एक लहान. पहिला मुलगा दुसऱ्याला म्हणतो, तू घे आधी. दुसरा झटकन मोठं उचलतो. पहिला चिडतो. दुसरा विचारतो, तू आधी घेतलं असतंस तर कुठलं घेतलं असतंस? पहिला म्हणतो, अर्थातच लहान. मग तक्रार कसली, दुसरा म्हणतो, तुला हवं ते मिळालंच की!

गोष्ट हसवते, कारण पहिल्या मुलाला लहान सफरचंद हवं नव्हतं हे आपल्याला कळतं. तो रीत पाळणार होता. रीत पाळण्यात आणि आवडीने लहान घेण्यात फरक आहे, पण नुसती निवड पाहिली तर तो दिसत नाही. सेन इथे 'सहानुभूती' आणि 'बांधिलकी' वेगळ्या करतात. दुसऱ्याचा छळ पाहून मलाच त्रास होतो म्हणून मी तो थांबवला, तर ती सहानुभूती, आणि तिच्यात माझ्या सुखाचा भाग आहे. मला व्यक्तिशः काही त्रास होत नाही, तरीही ते चूक आहे म्हणून मी उभी राहिले, तर ती बांधिलकी. सेन यांच्या मांडणीत हळव्या मनाची सहानुभूती स्वहिताच्या जवळ जाते, आणि कोरड्या वाटणाऱ्या बांधिलकीत स्वहित मागे सुटतं. साहित्याच्या वाचकाला हे थोडं टोचावं. डोळ्यांत पाणी आणण्याला आपण फार मोठं मानत आलो आहोत.

*

मानसशास्त्राने नेमका तो भाग उचलला जो जीवशास्त्राने बाजूला ठेवला होता, म्हणजे हेतू. पण हेतू दिसत नाही, म्हणून तो पिंजऱ्यात पकडावा लागतो. डॅनियल बॅट्सन यांच्या १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सहभागी विद्यार्थ्याला इलेन नावाची मुलगी विजेचे झटके खाताना दिसते. झटके खोटे असतात, पण ते त्याला ठाऊक नसतं. काहींना लगेच निघून जाण्याची मुभा असते, काहींना पुढेही पाहत बसावं लागणार असतं. मदतीचा हेतू फक्त स्वतःची अस्वस्थता घालवणं हाच असेल, तर मुभा असलेले निघून जायला हवेत. पण ज्यांना इलेनबद्दल जवळीक वाटावी अशी योजना केली होती, त्यांच्यातले बरेच जण निघून जाण्याची मुभा असूनही तिच्या जागी बसायला तयार झाले. बॅट्सन यांनी यातून असा निष्कर्ष काढला की खरा परार्थी हेतू असतो.

रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी त्यावर हरकती घेतल्या. १९९७ मधली त्यांची हरकत मला भाषांतरकार म्हणून सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते. त्यांचं म्हणणं असं, की जवळीक वाटते तेव्हा आपण समोरच्यात स्वतःलाच पाहतो. आपण आणि तो यांतली सीमा पुसट होते. म्हणजे मदत केली ती 'दुसऱ्या'ला केलीच नाही, स्वतःच्याच एका भागाला केली. मग तिला निःस्वार्थ कसं म्हणायचं?

हे वाक्य मराठीत आणून पाहा. 'त्याला समोरच्यात स्वतःच दिसला, म्हणून त्याने मदत केली.' आपल्याकडे कुठल्याही कीर्तनात ही परमार्थाची शेवटची पायरी म्हणून सांगितली जाईल. प्रयोगशाळेत तीच निःस्वार्थतेविरुद्धचा पुरावा ठरते. निष्कर्ष एकच, आणि दोन भाषांत त्याची नैतिक किंमत उलटसुलट. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की जे काही प्रिय असतं ते आत्म्यासाठीच प्रिय असतं. यात हॉब्जचा स्वार्थ ऐकायचा की आणखी काही, हे 'आत्मा' शब्दाची सीमा कुठे आखली त्यावर ठरतं. 'सेल्फ' या शब्दाचीही सीमा अशीच कुठेतरी आखलेली आहे. प्रयोगाने ती शोधलेली नाही, गृहीत धरली आहे. अद्वैत खरं आणि प्रयोगशाळा खोटी, असं मला मुळीच म्हणायचं नाही. दुसऱ्या भाषेत नेल्यावर प्रयोगाचं एक गृहीत उघड झालं, एवढंच. भाषांतराचा असाही उपयोग होतो.

साहित्यप्रेमींसाठी मानसशास्त्रात आणखी एक धडा आहे. जॉन डार्ली आणि बॅट्सन यांनी १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली दयाळू शोमरोनीची गोष्ट, म्हणजे वाटेत पडलेल्या अनोळखी जखमी माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेत बोळात एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. ज्यांना पुरेसा वेळ होता त्यांतल्या ६३ टक्क्यांनी काही ना काही मदत केली, ज्यांना थोडी घाई होती त्यांतल्या ४५ टक्क्यांनी, आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांतल्या फक्त १० टक्क्यांनी. भाषणाचा विषय शोमरोनी आहे की दुसरा काही, याने लक्षणीय फरक पडला नाही.

साहित्य वाचून माणूस चांगला होतो असं आपण परिसंवादांत सहज म्हणून जातो. या प्रयोगातले लोक तर ती गोष्ट मनात घोळवत चालले होते. प्रयोग लहान आहे, त्यावरून सगळ्या साहित्याचा निकाल लावायचं कारण नाही. पण घाई हा प्रश्न आपण विचारत नाही, हे त्याने दाखवलं. त्या विद्यार्थ्यांना 'स्वार्थी' म्हणावं का? ते तर दुसऱ्या कुणाला दिलेला शब्द पाळायला धावत होते.

*

मानवशास्त्र या सगळ्यांना आणखी एका बाजूने छेद देतं. मार्सेल मोस यांनी भेटीवरच्या १९२५च्या निबंधात असं मांडलं की शुद्ध, विनामूल्य भेट नसतेच. देणं, घेणं आणि परतफेड यांची साखळी असते. मराठी माणसाला हे पटवायला ग्रंथाची गरज नाही. लग्नातल्या आहेराची वही पाहिली की पुरे. कुणी काय दिलं ते त्यात टिपलेलं असतं, आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढंच किंवा थोडं वरचढ परत जातं. यात कुणी कुणाला फसवत नाही. आहेर निःस्वार्थ असल्याचा दावाच कुणी केलेला नसतो. ती नात्यांची नोंद असते.

पण आपल्याकडे आहेराच्या शेजारीच 'दान' आहे, आणि त्याची रीत उलटी. जोनथन पॅरी यांनी बनारसमधल्या अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांमध्ये काम करून १९८६ मध्ये दाखवलं, की दान परत यायचं नसतं, कारण त्याबरोबर देणाऱ्याचं पाप जातं. घेणारा ते पचवतो, आणि म्हणून घेणाऱ्याला ते जडही जातं. म्हणजे परतफेड नाही एवढ्यावरून इथे औदार्य सिद्ध होत नाही. देणाऱ्याने काहीतरी नकोसं दूर लोटलेलं असतं. 'गिफ्ट' हा एकच इंग्रजी शब्द घेऊन आहेर आणि दान दोन्ही त्यात कोंबले, तर एकाला ढोंग आणि दुसऱ्याला संतपण चिकटतं. दोन्ही चूक.

*

इथपर्यंत मी बोट दुसऱ्यांकडे दाखवलं. आता घरचं पाहायला हवं. 'वरवर चांगुलपणा, आत स्वार्थ' ही वाचनाची सवय आम्हा साहित्याच्या अभ्यासकांनीही चांगलीच अंगी बाणवली आहे. तौलनिक साहित्याच्या वर्गात मी हेच शिकले. कादंबरीत कुणी कुणासाठी काही केलं, की त्यामागे वर्गहित, वर्चस्व किंवा अपराधगंड शोधायचा. या संशयाने पुष्कळ दडलेलं उजेडात आणलं, समाजसुधारकांच्या दयेतला अहंकार त्यानेच दिसला, हे नाकारता येत नाही. पण संशय आणि शोध यांत फरक आहे. काहीही समोर आलं तरी ज्याचं उत्तर 'स्वार्थ' असंच येतं, त्या वाचनाने काही शोधलेलं नसतं. सेन यांच्या गोष्टीतला दुसरा मुलगा तेच करतो. कुठलंही सफरचंद उचललं तरी त्याच्या लेखी 'तुला हवं ते मिळालं'.

या सवयीची कसोटी पाहायची असेल, तर जॉर्ज प्राइस यांचं आयुष्य वाचावं. हा अमेरिकी संशोधक १९६७ मध्ये लंडनला गेला, हॅमिल्टन यांचं काम वाचून अस्वस्थ झाला, आणि निसर्गनिवडीचं एक अत्यंत सर्वसाधारण समीकरण त्याने १९७० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी तो श्रद्धावान ख्रिस्ती झाला. पुढे त्याने लंडनमधल्या बेघर, व्यसनी माणसांना घरात घेतलं, होतं नव्हतं ते वाटून टाकलं, आणि स्वतःचं घरही गमावलं. जानेवारी १९७५ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. अंत्यविधीला आलेल्या मोजक्या लोकांत काही बेघर माणसं होती आणि हॅमिल्टन आणि मेनार्ड स्मिथ हे दोन जीवशास्त्रज्ञही.

या आयुष्यातून सोयीची गोष्ट काढायचा मोह फार होतो. परोपकाराचं गणित सोडवणारा माणूस ते गणित खोटं पाडण्यासाठी जगला, असं म्हणता येतं. आजारी मनाची ही लक्षणं होती, असंही म्हणता येतं. पुण्य कमावण्याची ही धडपड होती, म्हणजे अंती स्वार्थच, असंही कुणी म्हणेल. यातलं प्रत्येक वाचन प्राइस यांच्या आयुष्यातल्या कशावर तरी उभं आहे, आणि प्रत्येक वाचन त्या बेघर माणसांना विसरतं. ज्याला थंडीत रात्रभर छप्पर मिळालं, त्याच्या बाजूने ही गोष्ट कुणी वाचत नाही. परिणामाचा हिशेब त्याच्यापाशी आहे, हेतूचा प्राइस यांच्यापाशी होता. एकाच्या वहीतून दुसऱ्याची बेरीज करता येत नाही.

गांधीलमाशीच्या त्या वाक्यात मी शेवटी विशेषणच ठेवलं नाही. 'स्वतःची वंशवृद्धी कमी करून दुसरीची वाढवणारं वर्तन' असं लिहिलं. वाक्य लांबलं. छापण्यापूर्वी संपादकांचा फोन आला. ते म्हणाले, "बाई, हे जरा जड होतंय. 'परोपकारी' का नको? लगेच कळतं की." त्यांना म्हटलं, लगेच कळतं, म्हणूनच नको. थोडी घासाघीस झाली. अखेर माझं लांबलचक वाक्य राहिलं, आणि मथळ्यात 'परोपकार' त्यांनी ठेवला, अवतरणचिन्हांत. ती दोन चिन्हं कितीजणांना दिसली असतील, कोण जाणे. तरी त्या खेपेला तेवढी तडजोड मला वाईट वाटली नाही.